जुनी पलटणी रिव्हॉल्व्हरे आणि त्यांची काडतुसे



कामठीत उभे राहून पलटणीच्या हत्यारांविषयी बोलणे म्हणजे काशीत गंगेचे वर्णन करण्यासारखे आहे. १८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी टाकली. छावणीच्या मागोमाग बाजार आला, बाजारामागून वस्ती आली, आणि अशा रीतीने हे गाव उभे राहिले. आज इंग्रज नाहीत, पण छावणी आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे, राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांची प्रबोधिनी आहे. अशा गावात आजोबांच्या लोखंडी ट्रंकेतून एखादे जुने विलायती रिव्हॉल्व्हर, नाहीतर त्याचा तपकिरी कातडी पट्टा, नाहीतर एखाददुसरे पितळी काडतूस निघावे यात नवल नाही.

असे काही निघाले की घरात दोन प्रश्न उठतात. तरुण मुलगा विचारतो, “याला काडतुसे कुठे मिळतील?” आणि घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, “हे आता कुणाच्या गळ्यात घालायचे?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे काडतूस. रिव्हॉल्व्हरची उपयुक्तता काडतुसावर टिकली, ते शस्त्र आहे की पुराणवस्तू हेही पुष्कळ अंशी काडतूसच ठरवते, आणि त्यापासूनचा धोकाही काडतुसातच आहे. आजच्या विषयाचे सार एवढेच आहे. आता त्याचा थोडा विस्तार करू.

रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरते पिस्तूल. त्याला एक नळी, नळीच्या मागे भोके असलेले एक चक्र, आणि चक्रामागे आपटणारा घोडा. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते आणि नवे काडतूस नळीसमोर येते. ब्रिटिश सैन्याने १८५६ साली ब्यूमाँट-ॲडम्स नावाचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले, तेव्हा त्यात आजच्यासारखे काडतूस नव्हते. दारू आणि गोळी चक्राच्या प्रत्येक घरात समोरून ठासावी लागे आणि मागे स्वतंत्र टोपी बसवावी लागे. पुढच्याच वर्षी सत्तावनचा उठाव झाला. त्या जूनमध्ये नागपुराजवळ टाकळीच्या घोडदळाने उठण्याचा बेत केला, तेव्हा तो मोडून काढायला कामठीचीच मद्रासी फौज उपयोगी पडली. उठाव शमल्यावर सरकारने लोकांची हत्यारे काढून घेण्याचे धोरण धरले. त्या धोरणाचे धागेदोरे आजच्या कायद्यापर्यंत कसे येतात ते पुढे पाहू.

ज्याला संग्राहक ‘जुने ब्रिटिश रिव्हॉल्व्हर’ म्हणतात ते बहुधा वेब्लीचे असते. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याचे ०.४५५ इंच मापाचे रिव्हॉल्व्हर सैन्याने १८८७ साली स्वीकारले. त्याची खुबी ते मोडण्यात आहे. मोडणे म्हणजे तुटणे नव्हे. घोड्याजवळची खिटी अंगठ्याने दाबली की नळी आणि चक्र बिजागरीवर पुढे झुकतात, आणि चक्राच्या मध्यातून चांदणीच्या आकाराची एक चकती वर येऊन सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर फेकते. घोड्यावर बसलेल्या स्वाराला एकेक पुंगळी काडीने ढकलत बसण्याची गरज उरली नाही. या नमुन्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या. चौथी १८९९ सालची, बोअर युद्धाच्या तोंडावरची. पाचवी १९१३ ची. आणि सहावी, सर्वांत प्रसिद्ध, मे १९१५ मधली. सहा इंची नळीचे हे सहावे रिव्हॉल्व्हर सुमारे एक किलो ऐंशी ग्रॅम भरते, आणि त्याची गोळी सतरा ग्रॅमची. गोळी वजनदार, पण वेग बेताचा, सेकंदाला सहाशे फुटांच्या आसपास. जवळच्या अंतरावर जड गोळीने माणूस थांबवायचा, हा त्यामागचा हिशेब होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळी गोरा अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर पुष्कळदा स्वतःच्या पैशाने घेई. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा १८९१ साली उघडली होती, आणि काळ्या घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. तलवार, खोगीर, तंबूतली घडीची खाट आणि रिव्हॉल्व्हर असा सगळा सरंजाम अशा दुकानांतून मिळे. अधिकाऱ्याने कोणत्या कारखान्याचे हत्यार घ्यावे याची सैन्याला फारशी फिकीर नव्हती. अट एकच होती: त्यात सरकारी काडतूस बसले पाहिजे. रिव्हॉल्व्हर खाजगी, काडतूस सरकारी! काडतूस हेच मुख्य, असे मी म्हणतो त्याचा हा पहिला पुरावा.

पहिल्या महायुद्धात असे दिसून आले की जड रिव्हॉल्व्हर नीट चालवायला पुष्कळ सराव लागतो, आणि घाईने भरती केलेल्या शिपायाला तेवढा सराव देता येत नाही. म्हणून माप उतरवून ०.३८ इंचावर आणले गेले. एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचे ‘नंबर दोन’ रिव्हॉल्व्हर १९३२ साली सैन्यात आले. त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास. रणगाड्यात चढता-उतरताना घोड्याचा उभा काटा कशालाही अडके, म्हणून १९३८ च्या सुधारित नमुन्यात तो काटा छाटून टाकण्यात आला. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी फौजदाराच्या कमरेला पाहिलेले रिव्हॉल्व्हर बहुधा या ०.३८ च्या घराण्यातले असे. स्वातंत्र्यानंतरही पोलिसांत ते माप दीर्घकाळ नांदले.

आता काडतुसाकडे वळू. काडतुसाचे अवयव चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला रासायनिक मसाला ठिणगी टाकतो, दारू पेटून वायू होते, आणि तो वायू गोळीला नळीतून ढकलतो. आरंभी ही दारू काळी होती. पुढे कॉर्डाइट आले. नायट्रोग्लिसरीन, स्फोटक कापूस आणि थोडे व्हॅसलीन यांचे ते मिश्रण. दिसायला बारीक शेवेच्या तुकड्यांसारखे. ते आपल्याकडे करण्यासाठी निलगिरीत अरुवनकाडू येथे १९०४ साली कारखाना निघाला. काडतुसे भरण्याचा कारखाना मात्र आपल्या पुण्याजवळ, खडकीला, १८६९ पासूनच होता. जुन्या पुंगळीच्या बुडाशी ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरे कोरलेली दिसली तर समजावे की हे काडतूस खडकीचे. विलायती रिव्हॉल्व्हरच्या पोटात महाराष्ट्रात भरलेले काडतूस असे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असेल.

०.४५५ च्या काडतुसाचाही एक इतिहास आहे, आणि तो रिव्हॉल्व्हरच्या इतिहासाहून अधिक बोलका आहे. १८९७ साली त्याची पुंगळी आखूड करण्यात आली. १८९८ साली पुढून पोकळ अशी एक गोळी काढली गेली. अंगात शिरताच ती पसरे आणि मोठी जखम करी. याच सुमारास कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात रायफलीसाठी तशाच पसरणाऱ्या गोळ्या निघाल्या होत्या, आणि ‘दमदम’ हा शब्द जगभर कुप्रसिद्ध झाला. १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असे जाहीर झाले, तेव्हा रिव्हॉल्व्हरची ती पोकळ गोळीही मागे घ्यावी लागली. पुढे ०.३८ च्या बाबतीत हाच पाठ पुन्हा घडला. त्याची मूळ गोळी उघड्या शिशाची, तेरा ग्रॅमची होती. दुसरे महायुद्ध दारात आल्यावर, हेगच्या जाहीरनाम्याची अडचण नको म्हणून, धातूचे कवच चढवलेली सुमारे साडेअकरा ग्रॅमची गोळी देण्यात आली. म्हणजे लोखंडी रिव्हॉल्व्हर तेच राहिले, पण त्याच्या काडतुसावर जगाच्या सदसद्विवेकाचे शिक्के उमटत गेले. संग्राहकाला पुंगळीचे बूड वाचता यावे लागते ते यासाठी.

काडतुसावाचून हत्यार काय कामाचे, याची साक्ष आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातही आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात क्रांतिकारकांनी रोडा कंपनीचा माल पळवला. त्यात माउझर पिस्तुले ५० होती, आणि काडतुसे ४६,०००. तो माल पुढे कितीतरी वर्षे पोलिसांना पुरून उरला. याच्या उलट १८ एप्रिल १९३० ची रात्र पाहा. सूर्य सेन यांच्या मंडळींनी चितगावची शस्त्रागारे ताब्यात घेतली. मोठे धाडस, चोख बेत. पण हाती आलेल्या लुईस बंदुकांची आणि रायफलींची काडतुसे सापडली नाहीत, आणि हाती आलेली हत्यारे निरुपयोगी ठरली. तिसरे उदाहरण १३ मार्च १९४० चे, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमधले. उधमसिंगांच्या हातातले रिव्हॉल्व्हर अमेरिकन बनावटीचे, मोठ्या मापाचे. पण गोळ्या जुन्या आणि त्याच्या नळीला किंचित लहान अशा होत्या. ओडवायर जागीच मेला. त्याच्याबरोबरच्या लॉर्ड झेटलंड आदी मंडळींना मात्र जखमांवर सुटका मिळाली. नळी आणि गोळी यांच्या मापात एका केसाचा फरक पडला तर काय होते, हे यावरून कळावे.

हे राज्यकर्त्यांना आपल्या आधीच उमगले होते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात सैनिकी मापाशी जुळणाऱ्या ०.४५० च्या काडतुसांची आयात बंद झाली, आणि विलायती बंदूकवाल्यांना वाघाच्या शिकारीसाठी ०.४६५, ०.४७० अशी आडमापे मुद्दाम काढावी लागली. बंदूक कोणती आहे यापेक्षा तिच्यात सरकारी काडतूस जाते का, हा प्रश्न सरकारला महत्त्वाचा वाटे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. तो अपमान लोकांच्या मनात ऐंशी वर्षे सलत राहिला. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. वर्णभेद गेला, परवाना राहिला. आणि काडतुसाचे तत्त्वही राहिले. पोलीस आणि सैन्य यांच्या मापाची हत्यारे, म्हणजे ९ मिलिमीटर, ०.३८ आणि ०.४५५ ची पिस्तुले-रिव्हॉल्व्हरे व ०.३०३ च्या रायफली, ‘निषिद्ध बोअर’ म्हणून वेगळ्या काढलेल्या आहेत. त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाती असतो. म्हणूनच सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला ०.३२ चे माप येते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ०.३२ चे रिव्हॉल्व्हर पाहाल तर ओळखाल, की हा वेब्लीचाच नातू, फक्त माप बदलून सभ्य समाजात वावरतो आहे.

तेव्हा “काडतुसे कुठे मिळतील?” या तरुणाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, आजोबांच्या ०.४५५ किंवा ०.३८ साठी ती बाजारात मिळणार नाहीत, आणि त्यांच्या शोधात फिरणेही हिताचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध हत्यार किंवा त्याचा दारूगोळा बेकायदा बाळगण्याची शिक्षा सात ते चौदा वर्षांपर्यंत गेली आहे. एका माणसाने बाळगायच्या हत्यारांची मर्यादाही त्याच दुरुस्तीने तीनवरून दोनवर आणली. “पण हे तर शंभर वर्षांपूर्वीचे आहे, शोभेची वस्तू आहे,” असे कोणी म्हणेल. कायदा वय पाहत नाही. कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे खरी. पण ते दुरुस्ती करूनही किंवा न करताही बार काढण्यास असमर्थ असले पाहिजे, ही अट आहे. कन्हानच्या वाळूत गंजून दगड झालेले रिव्हॉल्व्हर सूट मागू शकेल; तेल लावून फडक्यात गुंडाळलेले मागू शकणार नाही.

इतर देशांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. अमेरिकेने एक वर्ष धरले: १८९८ पर्यंत बनलेले ते पुरातन. ब्रिटनने काडतूस धरले. ज्या मापाची काडतुसे बाजारातून नाहीशी झाली, त्या मापाचे जुने हत्यार शोभेची वस्तू म्हणून परवान्यावाचून ठेवण्याची तेथे मुभा आहे. पण गुन्हेगार अशा काही मापांची काडतुसे घरी बनवू लागले, तेव्हा २०२१ साली सात मापे त्या यादीतून काढून टाकण्यात आली. पुन्हा तेच! लोखंड तिळमात्र बदलले नाही. काडतूस मिळू लागले आणि कालची पुराणवस्तू आज शस्त्र झाली.

कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी जिवाची गोष्ट उरतेच. आजोबांच्या ट्रंकेतले सहा काडतुसांचे पुडके वाटते तितके निरुपद्रवी नसते. कॉर्डाइट उष्णतेने हळूहळू विघटित होते, आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो हे मी सांगायला नको. अशी दारू अर्धवट जळाली तर गोळी नळीतच अडकते. उडवणाऱ्याला वाटते, बार फुसका गेला. तो दुसऱ्यांदा चाप ओढतो, आणि नळी हातात फुटते. कधी घोडा आपटूनही आवाज येत नाही. माणूस तोंड पाहायला नळी आपल्याकडे वळवतो, आणि मग बार निघतो. जुन्या टोप्यांतल्या क्षारांनी नळी आतून खाल्ली जाते ते वेगळेच.

दुसरा धोका नावांचा. ०.३८ हे नाव आहे, माप नव्हे. त्या गोळीचा खरा व्यास ०.३६ इंचाच्या आसपास भरतो. ‘०.३८०’ या नावाचे रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे, त्याच नावाचे पिस्तुलाचे वेगळे, आणि ‘०.३८ स्पेशल’ आणखी वेगळे. अमेरिकेत कित्येक वेब्लींचे चक्र मागून घासून त्यांत ०.४५ चे पिस्तुली काडतूस बसवण्यात आले. ते बसते, पण त्याचा दाब मूळ काडतुसाच्या सुमारे दीडपट असतो, आणि जुन्या पोलादाला तो सोसेलच असे नाही. काडतूस घरात बसले म्हणजे ते त्या घरचे झाले असे नव्हे.

दारूगोळ्याचे जुनेपण कसे असते हे विदर्भाला नव्याने शिकवायला नको. पुलगावच्या दारूगोळा कोठारातली मे २०१६ ची आग आपण विसरलो नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथेच निकामी दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असता स्फोट होऊन सहा माणसे गेली. ते तोफगोळे होते, आपले काडतूस लहान आहे, हे खरे. पण जेथे सरकारी देखरेखीखाली काम चालू असूनही माणसे दगावतात, तेथे घरच्या पोटमाळ्यावर हौसेने पक्कड चालवणाऱ्याची काय कथा!

मग संग्राहकाने करावे तरी काय? घरात असे हत्यार निघाले तर पहिली गोष्ट, चाप ओढून पाहू नये, आत काडतूस आहे असेच धरून वागावे. दुसरी, विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. कलम २१ मध्ये अशी हत्यारे ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद आहे. परवानाधारक वडील निधन पावले तर मुलाने पेटीला कुलूप लावून गप्प बसणे हा सर्वांत वाईट मार्ग. वारसाहक्काने परवाना मागता येतो. हत्यार कायमचे निकामी करून घेण्याची सोय २०१६ च्या शस्त्रनियमांत आहे. आणि रीतसर परवानगीने ते संग्रहालयाला देता येते. १८६३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहेच.

आणि जमा करण्यापूर्वी, पोलिसांच्या समक्ष का होईना, त्यावरच्या खुणांची नोंद करून ठेवावी. खरा संग्रह तोच. नळीवर किंवा वरच्या पट्टीवर कारखान्याचे व आवृत्तीचे नाव असते. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असले तर ते सरकारने विकून टाकलेले. बाणाजवळ ‘आय’ हे इंग्रजी अक्षर असले तर ते हिंदुस्थान सरकारचे. कधी मुंबईच्या दुकानाचे नाव, कधी पलटणीचा क्रमांक सापडतो. या खुणा आणि घरातला जुना परवाना, दुकानाची पावती, आजोबांचा गणवेशातला फोटो, कातडी पट्टा, रिकाम्या खोक्यावरची चिठ्ठी ही सगळी एकत्र ठेवली तर एका माणसाची आणि एका पलटणीची हकीकत तयार होते. यांतले कागद आणि कातडे ठेवायला कोणाचा परवाना लागत नाही, त्यांना काडतूसही लागत नाही.

एक शेवटची विसंगती सांगून थांबतो. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याने ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू ठरते, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९१५ चे वेब्ली आता त्या वयात पोहोचले आहे. एका कायद्याच्या दृष्टीने ते जपण्याजोगे. दुसऱ्याच्या दृष्टीने बाळगण्यास धोक्याचे. या दोहोंच्या चिमट्यात सापडून किती जुनी हत्यारे नोंदीवाचून भट्टीत जातात, आणि किती भीतीपोटी विहिरीत टाकली जातात! दोन्ही वाटांनी इतिहास बुडतो. तो वाचवायला एक वही, एक पेन्सिल आणि पोलीस ठाण्यापर्यंत चालत जाण्याचे धैर्य एवढेच लागते. कामठीच्या माणसाला पलटणीची भीती कधी वाटली नाही. कागदाचीही वाटू नये, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.